दुसरा कुत्रा आणायचा का, आणि आणायचाच तर कुठला

बंड्या गेल्यापासून घरी येणारा प्रत्येकजण दोनपैकी एक सल्ला देऊन जातो. एक तर "लगेच दुसरं पिल्लू आणा, घर भरेल", नाहीतर "आता परत कशाला तो जीवाला घोर". प्रेमानेच बोलतात हो, पण डोकं फिरतं.

त्याला गोचीड ताप होता, म्हणजे गोचीड चावून होणारा आजार. प्लेटलेट खाली, नाकातून रक्त, डॉक्सी या अँटिबायोटिकचा २८ दिवसांचा कोर्स, सलाईन, मधेच जरा जेवला तर आम्ही खूश, पण तोवर बोनमॅरोपर्यंत गेलं होतं. जास्त लिहवत नाही.

लगेच पिल्लू आणा म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं की ही गोचीड कुत्र्याच्या अंगावर कमी आणि घरातच जास्त असते, भिंतीच्या भेगा, दाराच्या चौकटी, दिवाणाची मागची बाजू, एकेक मादी हजारो अंडी घालते आणि रक्त न मिळता कित्येक महिने तग धरते. त्यामुळे आधी भेगा बुजवणं, पेस्ट कंट्रोल, मग काही दिवसांनी परत एकदा. नवीन जीव त्यानंतर.

बंड्याशी बेइमानी वगैरे मला वाटत नाही. मला प्रश्न पडतो वयाचा. आईबाबा सत्तरीला आलेत, आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात, आणि देशी कुत्रं नीट सांभाळलं तर १२-१४ वर्षं सहज जगतं. आई ८२ ची असताना त्याला तीन जिने कोण उतरवणार?

म्हणून माझं मत, आणायचाच तर मोठा आणायचा, ५-६ वर्षांचा. स्वभाव कळलेला असतो, सू-शीची शिस्त बहुतेकदा लागलेली असते. पण अडॉप्शनच्या पोस्टी बघा, पिल्लाच्या फोटोखाली रांग आणि मोठ्या कुत्र्याखाली फक्त "शेअर्ड" आणि बदाम. फक्त आणायच्या आधी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आणि गोचीड तापाची टेस्ट करायचीच, कारण वरून ठणठणीत दिसणाऱ्या कुत्र्यातही तो लपलेला असू शकतो.

बाबा म्हणतात, म्हणजे सात-आठ वर्षांत परत तेच बघायचं? मुद्दा बरोबर आहे त्यांचा. पण पिल्लू आणलं तरी ते चुकणार नाहीच, उलट तेव्हा रात्र रात्र जागायची ताकद कुणात असेल?

अजून हो म्हणाले नाहीयेत. पण पेस्ट कंट्रोलवाला शनिवारी येतोय. पुण्यात कुणाकडे फॉस्टरला (तात्पुरता सांभाळायला) मोठा, शांत देशी असेल तर इनबॉक्स करा. पिल्लांचे फोटो प्लीज पाठवू नका, आई लगेच विरघळते.