भविष्य येतंच आहे!

माझा एक मित्र, भेटला की याचं सुरू: "रोजचे पैसे क्रिप्टोतच द्यायचे, हेच भविष्य!" अरे, बिटकॉइन आलं २००९ साली, तेव्हापासून हे भविष्य येतंच आहे. एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा, नोंदला जायला सरासरी १० मिनिटं. पक्की खात्री हवी तर सहा ब्लॉक थांबा, म्हणजे तासभर! मागे रांग खोळंबलेली आणि मी काउंटरवर ध्यानस्थ. या ब्लॉक्सच्या मूळ साखळीवर अख्ख्या जगाचे मिळून सेकंदाला जेमतेम ७ व्यवहार; गर्दी झाली की फी वस्तूपेक्षा महाग. पैसे चुकीच्या पत्त्यावर गेले तर गेले, दाद कुणाकडे मागणार? "मग लाइटनिंग वापर," म्हणे, ते बिटकॉइनवरचं झटपट पेमेंटचं जाळं. म्हणजे आधी चॅनेल, म्हणजे दोघांमधला देवघेवीचा मार्ग, उघडा, त्यात पैसे अडकवा... सामान घ्यायचंय मला, डिप्लोमा नाही!

बरं, हा स्वतः खर्च करतो का? छे! "भाव वाढणारे, आत्ता कशाला मोडू?"