अमेरिकेचे पहिले सरकार वॉशिंग्टन यांचे नव्हते

जुलै महिना आला की एक मजकूर फिरू लागतो: ‘४ जुलै १७७६ रोजी अमेरिका स्वतंत्र झाली, तेरा वसाहतींनी स्वबळावर ब्रिटनला हरवले आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांचे पहिले सरकार स्थापन झाले.’ यातील प्रत्येक विधान तपासून पाहण्याजोगे आहे, आणि शेवटचे तर सरळ चुकीचे आहे.

प्रथम तारीख. फिलाडेल्फियात भरलेल्या कॉन्टिनेन्टल काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, स्वातंत्र्याचा ठराव २ जुलैला मंजूर केला. ४ तारखेला संमत झाला तो जाहीरनामा. लढाई त्याआधीच, एप्रिल १७७५ मध्ये, लेक्झिंग्टन आणि काँकॉर्ड येथे पेटली होती, आणि ब्रिटनने स्वातंत्र्य मान्य केले ते ३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिसच्या तहाने.

स्वबळाचा दावाही टिकत नाही. सॅराटोगा येथे वसाहतींनी ब्रिटिशांवर मिळवलेल्या विजयानंतर, फेब्रुवारी १७७८ मध्ये, फ्रान्सने वसाहतींशी उघड मैत्री केली. १७८१ मध्ये यॉर्कटाउन येथे ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस कोंडला गेला, कारण द ग्रासच्या फ्रेंच आरमाराने समुद्राची वाट अडवली होती आणि जमिनीवर वॉशिंग्टन यांच्याबरोबर रोशाम्बोचे फ्रेंच सैन्य उभे होते. (हाच कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर जनरल म्हणून टिपूवर चालून गेला, तेव्हा हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्याच्या बाजूने होत्या.)

सर्वांत मोठी चूक सरकारविषयीची आहे. वॉशिंग्टन यांनी नव्या राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली ३० एप्रिल १७८९ रोजी. तोवर देश बिनसरकारचा होता काय? युद्ध चालवले, परराष्ट्रांशी तह केले ते काँग्रेसनेच. तिच्या अधिकारांना लेखी आधार देणारे ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ नोव्हेंबर १७७७ मध्ये संमत झाले. पण पश्चिमेकडील जमिनींवरचे हक्क व्हर्जिनियासारख्या राज्यांनी सोडावेत म्हणून मेरीलँड अडून बसल्यामुळे ते १ मार्च १७८१ पर्यंत लागू होऊ शकले नाहीत. या व्यवस्थेत प्रत्येक राज्याला एकच मत होते, महत्त्वाच्या निर्णयाला नऊ राज्यांची आणि दुरुस्तीला तेराही राज्यांची संमती लागे. कर बसवण्याचा अधिकार काँग्रेसला नव्हता. आयातीवर पाच टक्के जकात बसवण्याची योजना एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकारामुळे बारगळली, आणि सैनिकांचे पगार थकत राहिले.

काही जण दुसऱ्या टोकाला जाऊन, १७८१ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झालेले जॉन हॅन्सन हेच ‘खरे पहिले राष्ट्राध्यक्ष’ असे सांगतात. तेही ग्राह्य नाही, कारण ते पद सभा चालवणाऱ्याचे होते आणि स्वतंत्र कार्यकारी सत्ता त्या व्यवस्थेत कोणाकडेच नव्हती.

मात्र या सरकारला निव्वळ दुबळे म्हणून वगळणे मला अन्यायाचे वाटते. आर्टिकल्सची जागा घेणारी नवी राज्यघटना लिहिली जात असतानाच, जुलै १७८७ मध्ये, याच काँग्रेसने ओहायो नदीच्या वायव्येकडील प्रदेशासाठी कायदा करून तेथे गुलामगिरीला बंदी घातली आणि त्या प्रदेशातून निघणाऱ्या नव्या राज्यांना मूळ तेरांच्या बरोबरीचे स्थान दिले.