अर्पणाच्या थैलीतील बाहेरचा वाटा

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वार्षिक सभेत यंदाचा जमाखर्च वाचून दाखवण्यात आला. रंगकाम, ध्वनिक्षेपक, आवाराची भिंत आणि पाळकसाहेबांचे मानधन या रकमांनंतर अगदी शेवटी ‘मिशनकार्य’ हे सदर आले, आणि त्यापुढची रक्कम नाताळच्या आठवड्यात वाटलेल्या ब्लँकेटांची होती. ती ब्लँकेटे कोणाला दिली, असे विचारल्यावर बहुतेक आपल्याच मंडळीतील कुटुंबांना दिल्याचे समजले. मंडळी प्रत्येक सभासदाकडून दशांशाची, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या भागाची, अपेक्षा ठेवते, तेव्हा मंडळीनेही आपल्या एकूण अर्पणाचा दशांश मंडळीबाहेरच्या लोकांसाठी बाजूला काढावा, अशी सूचना मी मांडली. ती नामंजूर झाली याचे मला फारसे वाईट वाटले नाही, कारण आमचे छप्पर खरोखरच गळते. मनाला लागले ते एका ज्येष्ठ बंधूंचे उत्तर. ते म्हणाले, “ताई, मिशन पाठवणे हे श्रीमंत देशांतल्या मंडळ्यांचे काम. आपण त्या कामाचे फळ आहोत.”

हे उत्तर प्रेमाने दिलेले होते, पण ते चुकीचे आहे असे मला वाटते, आणि नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) राहणाऱ्या माणसाने तरी ते स्वीकारू नये.

ज्या अमेरिकन मराठी मिशनचे आपण फळ म्हणवतो, त्याचे पहिले दोन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले, तेव्हा त्यांना पाठवणारे अमेरिकेतील मिशन बोर्ड स्थापन होऊन तीनच वर्षे झाली होती. न्यू इंग्लंडमधील खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांच्या वर्गणीवर ते काम चाले. तेथील स्त्रियांनी आठवड्याला एक सेंट मिशनसाठी बाजूला टाकणारी मंडळे काढली होती. एक सेंट म्हणजे श्रीमंतांचे दान नव्हे. कंपनी सरकार हॉल आणि नॉट यांना परत पाठवायला निघाले होते. तरी ते राहिले, मराठी शिकले, आणि हॉल १८२६ साली त्र्यंबकच्या बाजूला प्रवासात असताना पटकीने वारले. पुढच्याच वर्षी सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका मुंबईत आली. मुलींच्या शाळा काढण्यात तिने आयुष्य घालवले, ती नगरमध्ये राहिली आणि १८६२ साली तेथेच वारली. तिची नगरची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले ते तिच्याच हाताखाली. आठवड्याच्या एका सेंटचा हिशेब कोठपर्यंत पोहोचला, हे त्या वर्गणी देणाऱ्या बायकांना कधीच कळले नसेल.

परदेशाची गोष्ट दूरची वाटत असेल, तर मिझोरमकडे पाहावे. तेथे पहिले मिशनरी १८९४ साली पोहोचले, म्हणजे नगरमध्ये मिशनचे ठाणे सुरू झाल्यानंतर साठहून अधिक वर्षांनी. आज मिझो मंडळ्या स्वतःचे मिशनरी भारतभर पाठवतात, आणि त्यामागे एक साधी घरगुती रीत आहे. प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी घरची बाई शिजवायच्या तांदळातून एक मूठ वेगळी काढते. मंडळीच्या स्त्रिया घरोघरचा तो तांदूळ गोळा करतात, तो विकला जातो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. या रीतीला तेथे ‘बुहफाई थाम’ म्हणतात आणि ती शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. डोंगराळ भागातल्या शेतकरी कुटुंबांनी हे केले आहे. आमच्या मंडळीत शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, बागायतदारही आहेत.

पैशांइतकाच महत्त्वाचा प्रश्न आपण कोणत्या नात्याने जातो हा आहे. तमिळ ख्रिस्ती पुढारी वेदनायगम अझरिया १९०२ साली श्रीलंकेतील जाफन्याला गेले असता तेथील तमिळ ख्रिस्ती लोक स्वतःच्या खर्चाने मिशनकार्य करताना त्यांनी पाहिले, आणि पुढच्याच वर्षी तिरुनेलवेलीच्या मंडळ्यांनी आपली मिशनरी संस्था उभारून तेलुगू भाषिकांमध्ये दोर्नाकलला माणसे पाठवली. याच अझरियांनी १९१० साली एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत पाश्चात्त्य मिशनऱ्यांना सांगितले, की तुम्ही गरिबांना अन्न दिलेत, स्वतःचे देहही झिजवलेत. आम्ही तुमच्याकडे प्रेमही मागतो, आम्हांला मित्र द्या. हे भाषण मला नेहमी आपल्यावर उलटून येणारे वाटते, कारण आदिवासी पाड्यावर ब्लँकेटांचा टेम्पो घेऊन जाणारी आपली मंडळी तेथल्या एकाही घरी जेवायला बसत नाही. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी हे ओळखले होते. मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ काढला आणि बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांना एकत्र बसवले.

मदतीला कोणतीही अट असता कामा नये, हे मी विशेष आग्रहाने लिहिते. माझी पणजी १९०० च्या दुष्काळात मिशनच्या अनाथालयात आली, आणि ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा तिने, आजीने आणि आईने ऐकला. तिची श्रद्धा खरी होती. तरी भाकरी आणि बाप्तिस्मा एकाच दारात मिळाले की ऐकणाऱ्याला दोन्हींचा संशय येतो. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने प्रत्येकाला आपल्या धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे आणि तो मला प्रिय आहे. म्हणूनच सुवार्ता सांगायची ती मोकळेपणाने, ऐकणाऱ्याला नकार देता येईल अशा रीतीने सांगावी, आणि शिधा, शाळा व औषध मात्र नकार देणाऱ्यालाही तितक्याच आदराने मिळावे.

आपल्या जिल्ह्यातच याचा नमुना आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले दांपत्य नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करत होते. तेथे येणारे पुष्कळ आजार गावातच टाळता येण्याजोगे आहेत, हे त्यांच्या लक्षात आले. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० साली त्यांनी दुष्काळी जामखेडला काम सुरू केले. त्यांनी डॉक्टरांची फौज उभी केली नाही. गावातल्या, बहुतेक निरक्षर आणि कित्येक दलित स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्याच बाया बाळंतपणे करू लागल्या, गावातल्या मुलांची वजने घेऊ लागल्या. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाहेरून शिकून आलेले ज्ञान गावातील सर्वांत मागे ठेवलेल्या बाईच्या हाती देणे, यापेक्षा मोठे मिशनकार्य मला ठाऊक नाही.

परदेशी निधीची वाट पाहण्यातही आता अर्थ उरलेला नाही. परकीय योगदानाच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेला परकीय निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, त्यामुळे मोठ्या संस्थेमार्फत लहान मंडळीपर्यंत येणारा ओघ थांबला आहे. पुष्कळांना ही आपत्ती वाटते. मला मात्र ही स्वतःच्या पायावर उभे राहण्याची, फार पूर्वीच यायला हवी होती अशी वेळ वाटते.

दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होईल आणि पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची ऊसतोड कुटुंबे कोयते घेऊन कारखान्यांकडे निघतील. त्यांची मुले बरोबर गेली की वर्ग सुटतो, आणि मागे राहिली तर सांभाळायला थकलेली आजी असते. आपल्या आईवडिलांची पिढी मिशनच्या बोर्डिंगांत शिकली. तशीच दहा-बारा मुलांची, कोणत्याही जातीधर्माची, हंगामापुरती राहण्याजेवण्याची सोय मंडळीच्या रिकाम्या खोल्यांत होऊ शकते, असा लेखी प्रस्ताव मी पुढच्या कमिटीसमोर ठेवणार आहे. तोवर आम्ही चार घरांनी भाकरीचे पीठ मळताना एक मूठ वेगळी काढायला सुरुवात केली आहे. ज्यांच्या मंडळीने असे हंगामी वसतिगृह चालवले आहे, त्यांनी रात्री मुलांजवळ कोण राहते आणि आठवड्याला धान्य किती लागते, एवढे मला अवश्य लिहून कळवावे.