पगार वाढवू नका म्हणे!

"शेठ, पगार वाढवू नका!" लेथवरचा माझा माणूस परवा ऑइलने माखलेले हात जोडून म्हणाला. का? तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा! पगार 21,000च्या वर गेला की काही महिन्यांत कार्ड बाद. आईचं डायलिसिस त्याच कार्डावर.

ही मर्यादा 2017 सालची! तेव्हापासून डाळ, भाडं, डॉक्टरची फी, सगळं वाढलं; हा आकडा मात्र ठाण मांडून. बरं, मीच ग्रुप विमा काढतो म्हटलं, तर वर 18 टक्के जीएसटी. सरकार, वैयक्तिक पॉलिसीवरचा सप्टेंबर 2025 मध्ये माफ केलात ना? मग चौदा कामगारांचा विमा काढणारा मी कोण, कुबेर? आणि भाषणात आम्ही छोटे कारखानदार देशाचा कणा! अहो, मग त्या कण्यावरच काय बसताय?

पगारवाढीचं पत्र अजून खणातच पडलंय.