ज्ञानोबाचे चाळीस कट्टे

परभणीच्या मोंढ्याजवळच्या टपरीवर परवा वाद पेटला तो ज्ञानोबाच्या सोयाबीनवरून. चाळीस कट्टे घरात पडून. (पोत्यांचे कट्टे. आमचा बसायचा कट्टा वेगळा, तो एकच आहे आणि तोही तुटका.)

सतीश पतपेढीत कारकून. त्यानं मोबाइलवर आकडे मांडले: माल सुकून वजनात तूट, कर्जाचं व्याज, वर उंदरं. "इकून टाक. डोक्यानं इचार कर, मनानं नको."

"2021च्या ऑगस्टात क्विंटलला दहा हजारावर गेलतं," ज्ञानोबा म्हणाला. "मन मानंना भौ."

मुजीबचं औषधाचं दुकान आहे आणि गिऱ्हाईक नसलं की तो वाचत बसतो. "मन काय खिशात असतंय का रे? दोन्ही एकाच कवटीत हायेत," असं म्हणून त्यानं अमेरिकेतल्या आयोवाच्या दामासिओ नावाच्या मेंदूच्या डॉक्टरची गोष्ट काढली. त्याच्या एका रुग्णाच्या कपाळामागची गाठ काढली, तिच्यासोबत मेंदूचा थोडा भागही गेला. बुद्धीच्या चाचण्यांत गडी पहिल्यासारखाच हुशार. पण नोकरी गेली, साठवलेला पैसा नको त्या धंद्यात बुडाला, संसार मोडला आणि हे सगळं तो दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं सांगायचा. डोळ्यात टिपूस नाही. तसाच आणखी एक रुग्ण. त्याला पुढच्या भेटीसाठी दोन तारखा दिल्या. त्यानं डायरी उघडली आणि अर्धा तास दोन्ही तारखांचे फायदे-तोटे मोजत बसला: इतर कामं, हवामान, सगळं. शेवटी डॉक्टरच म्हणाला, दुसऱ्या तारखेला या. "बरं," म्हणून गडी निघून गेला.

"असं गिऱ्हाईक माझ्याकडं रोज येतंय," टपरीवाले मामा म्हणाले.

मीही फिनिअस गेजचं घोडं पुढं दामटलं. 1848 साली रेल्वेच्या कामावर स्फोट होऊन साडेतीन फुटांची पहार त्याच्या गालातून शिरून डोक्यातून बाहेर पडली, माणूस जगला, पण स्वभाव पार बदलला. मुजीबनं मला मधेच तोडलं. तोच गेज पुढं चिलीत कित्येक वर्षं घोडागाडी हाकत होता, ते कुणी सांगत नाही म्हणे. मी गप्प.

"हे सगळे बिघडलेल्या डोक्याचे किस्से," सतीश म्हणाला. "चांगल्या डोक्याचं सांग."

मग मुजीबनं पत्त्यांच्या खेळाचा एक प्रयोग काढला. चार गड्ड्या. दोन गड्ड्या दर पानाला दुप्पट पैसे देतात, पण मधूनच असा दंड बसतो की शेवटी माणूस नागवा होतो. कुठली गड्डी वाईट हे तोंडानं सांगता येण्याआधीच चांगल्या माणसांच्या तळहाताला तिच्याकडं हात नेताना घाम सुटायचा. कपाळामागं इजा झालेल्यांना तो सुटतच नव्हता, आणि काही जण तर गड्डी वाईट आहे हे कळूनसुद्धा तिथंच पानं उचलत राहिले.

सतीशही कच्चा नाही. त्यानं तेवढ्यात शोधून काढलं की 2004 साली दुसऱ्या संशोधकांनी खेळणाऱ्यांना नीट खोदून विचारलं, तेव्हा त्यांना पहिल्या दाव्यापेक्षा बरंच आधी कळत होतं असं दिसलं. "म्हंजे घाम नंतर, डोकं आधी!" तो म्हणाला. मुजीबचं म्हणणं, तसं सिद्ध होत नाही, एवढंच होतं की दोन्ही सोबत चालतात. इथं अर्धा हाफ चहा गार झाला. मला मुजीबचं पटलं, पण सतीशला तसं सांगायची सोय नाही.

ज्ञानोबा इतका वेळ गप्प होता. "ते समदं खरं. पण मपलं मन दहा हजारावरच कामून अडकलं?"

"तवा कमावलं आसंल लई," सतीश म्हणाला.

"काय कमावतो! तवा घरात दाणा नव्हता. आदल्या दिवाळीलाच चार हजाराच्या आसपास इकून मोकळा झाल्तो."

सगळे थांबले. आम्ही मघापासून त्याला हावरा समजत होतो. हा तर पस्तावा होता.

मुजीबचा आवाज उतरला. पस्ताव्यावरही प्रयोग झालाय, म्हणाला. दोन चक्रांतलं एक निवडायचं, मग न निवडलेल्या चक्रावर काय मिळालं असतं तेही दाखवायचं. चांगली माणसं चुकलेल्या संधीनं तळमळतात आणि पुढच्या खेळीला सावध होतात. मेंदूच्या डोळ्यांवरच्या भागात इजा झालेल्यांना हरल्याचं वाईट वाटतं, पण हुकल्याचं काहीच नाही, आणि ती शिकतही नाहीत.

"मग मी शिकलो का न्हाई?"

"शिकलास की. पण एकाच सालावरनं शिकलास," सतीश म्हणाला. त्या संध्याकाळचं त्याचं सगळ्यात शहाणं वाक्य हेच. त्या साली ऑगस्टात चढलेला भाव दसरा-दिवाळीपर्यंत निम्म्यावर आला होता, हे ज्ञानोबाला ठाऊक होतं. पण ते त्याला कधी झोंबलंच नव्हतं. भाव पडला तेव्हा त्याचं काही हुकलं नव्हतं.

ज्ञानोबानं बिडी विझवली. "ईस कट्टे उद्या घालतो. ईस ठिवतो."

"वीस कुठल्या हिशेबानं?" सतीशनं पुन्हा मोबाइल काढला.

"हिशेब न्हाई. ईस म्हणलं की पोटातला गोळा जरा खाली गेला."

सतीश आकडे मारतच होता. चहाचे पैसे मुजीबनं दिले.