बीबरचं कोपर आणि माझी झोप

माणसाच्या कोपराच्या आतल्या बाजूला एक छोटंसं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा असतो, अल्नर कोलॅटरल नावाचा. तुम्ही आम्ही जन्मभर भाजीच्या पिशव्या उचलल्या, लोकलच्या दांडीला लटकलो, तरी ते कधी चकार शब्द काढत नाही. पण बेसबॉलमधला पिचर ताशी दीडशे किलोमीटरने बॉल फेकतो तेव्हा सगळा ताण त्या बिचाऱ्यावर येतो आणि एक दिवस ते जातं. आपल्याकडे फास्ट बोलरची पाठ जाते, बुमराहची गेली तशी, आणि मग अख्खा देश पाठीवर बोलायला लागतो. इथे नॉर्थ अमेरिकेत अख्खा देश कोपरावर बोलतो. मी डोंबिवलीत वाढलेला, आता टोरांटोच्या बाजूला मिसिसागात राहणारा माणूस, आणि २०२५ च्या जुलैमधे अशाच एका लिगामेंटने माझी झोप उडवली होती. माझ्या नाही हो, शेन बीबर नावाच्या पिचरच्या.

आधी हे फँटसी लीग प्रकरण सांगतो. ऑफिसातल्या दहा जणांनी सीझनच्या सुरुवातीला खऱ्या खेळाडूंची आपसात वाटणी करून घ्यायची, मग ते खेळाडू खऱ्या मॅचमधे जे काही करतील त्याचे पॉइंट आपल्या खात्यात. म्हणजे घाम त्यांनी गाळायचा आणि मान आपण ताठ करायची. मधेच आपसात खेळाडूंची अदलाबदल, म्हणजे ट्रेड, पण करता येतो. ज्याचा नंबर पहिला त्याला वर्गणीतून जमलेले पैसे आणि एक अत्यंत भिकार दिसणारा प्लास्टिकचा करंडक, जो वर्षभर टेबलावर ठेवावा लागतो. मी यात शिरलो ते लंचला चारचौघांत बोलायला विषय मिळावा म्हणून, पण एकदा शिरल्यावर असं होतं की सकाळी चहाच्या आधी माणूस कोण कुठे दुखावला याची यादी बघतो.

माझ्या टीममधे जॉर्ज स्प्रिंगर होता. टोरांटो ब्लू जेजचा, म्हणजे आमच्या गावच्या टीमचा. वय ३५, आदल्या वर्षी बॅटिंगची पार वाट लागलेली, त्यामुळे कोणीच घेत नव्हतं म्हणून शेवटी शेवटी माझ्या वाट्याला आला, आणि बाबा पेटलाच. १ जुलैला, कॅनडा डेच्या दिवशी, न्यू यॉर्कच्या यांकीजविरुद्ध दोन होमरन (आपल्या सिक्सरसारखा, बॉल थेट मैदानाबाहेर), त्यातला एक ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेसवर आपली माणसं उभी असताना मारलेला, एका मॅचमधे सात रन आणले पठ्ठ्याने. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात असा चालत होतो की जणू त्याला बॅट धरायला मीच शिकवलं.

आणि अशात मेसेज आला. अकाउंट्समधल्या एका सहकाऱ्याचा, त्याला आपण मिशीवाला म्हणू. "स्प्रिंगर दे, बीबर घे."

शेन बीबर म्हणजे तेव्हा क्लीव्हलंडचा पिचर, २०२० ला साय यंग अवॉर्ड, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा मान मिळालेला, आणि एकही मत विरोधात न जाता मिळालेला. त्याच्या आडनावाची कटकट अशी की २०१९ मधे खेळाडूंना टोपणनावाचे शर्ट घालायची मुभा होती तेव्हा त्याने पाठीवर "नॉट जस्टिन" असं लिहून घेतलं होतं. २०२४ चा सीझन सुरू झाला, दोन मॅच खेळला, बारा इनिंगमधे एकही रन दिला नाही, वीस जणांना स्ट्राइकआउट केलं (तीन स्ट्राइकवर घरी पाठवलं), आणि कोपर गेलं. एप्रिलमधे ऑपरेशन. तेव्हापासून सव्वा वर्ष झालं तरी खऱ्या मॅचमधे एक बॉल टाकलेला नाही. २०२५ च्या जूनमधे परत येणार येणार म्हणेपर्यंत कोपर पुन्हा जरा दुखलं आणि गाडी परत यार्डात.

या ऑपरेशनला टॉमी जॉन म्हणतात. १९७४ साली लॉस एंजेलिस डॉजर्सच्या टॉमी जॉन नावाच्या पिचरवर डॉक्टर फ्रँक जोब यांनी ते पहिल्यांदा केलं, उजव्या हातातला एक टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, काढून डाव्या कोपरात बसवला, आणि परत खेळण्याची शक्यता शंभरात एक सांगितली होती म्हणतात. तो गडी १९८९ पर्यंत खेळला, त्यानंतरच्या १६४ मॅच जिंकून. तेव्हापासून इथले लोक टॉमी जॉनबद्दल असं बोलतात की जसं आपल्याकडे अपेंडिक्स. वर्ष दीड वर्ष बसायचं, परत यायचं. काही येतात, काही येतात पण आल्यासारखे वाटत नाहीत, आणि कोण कुठल्या रांगेत आहे ते देवाला माहीत.

मिशीवाल्याने पहिला दाखला टाकला ख्रिस सेल या पिचरचा. यालाही २०२० ला टॉमी जॉन. त्यानंतर २०२२ या एका वर्षात आधी बरगडी मोडली, मग बोट मोडलं, आणि ते बरं होतंय तोवर सायकलवरून पडून मनगट मोडलं. साडेसातीवाला माणूससुद्धा एवढं वसूल करत नाही. शेवटी २०२३ च्या डिसेंबरात बॉस्टनने वैतागून त्याला अटलांटाला देऊन टाकला, वर पगारासाठी १ कोटी ७० लाख डॉलर दिले, आणि बदल्यात वॉन ग्रिसम नावाचा एक पोरगा घेतला. पुढच्याच वर्षी सेलने १८ मॅच जिंकल्या, ३ हरला, २.३८ चा ईआरए (नऊ इनिंगमागे किती रन दिले त्याची सरासरी, कमी तेवढी चांगली) आणि साय यंग. ग्रिसमचं काय झालं ते बॉस्टनच्या माणसाला विचारू नका, चहा पाजणार नाही.

हे वाचून मी हो म्हणायला फोन उचलला, तेवढ्यात मला जेकब डीग्रॉम आठवला. टेक्सासने त्याला पाच वर्षांसाठी साडेअठरा कोटी डॉलर कबूल केले, सहा मॅच खेळला आणि कोपर. दुसऱ्यांदा. टेक्सास त्या वर्षी त्याच्याशिवाय वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची फायनल, जिंकलं ही आणखी गंमत. म्हणलं नकोच. पण मग तोच डीग्रॉम २०२५ मधे टणटणीत होऊन ऑल स्टार टीममधे. म्हणलं घेऊया. आणि सँडी अल्कांटारा? तोही साय यंगवाला, तोही टॉमी जॉनवाला, तोही त्याच वर्षी परत आलेला, आणि जुलैपर्यंत असा मार खात होता की ईआरए सातच्या वर. म्हणलं नकोच नको. अशा रीतीने रात्रीचे दीड वाजायचे. बायको एकदा कूस बदलून म्हणाली की घराचं लोन घेताना तू एवढा विचार केला नव्हतास, आणि परत झोपली. त्यावर मी काही बोललो नाही कारण ते खरं होतं.

रविवारी आईचा डोंबिवलीहून व्हिडिओ कॉल. चेहरा का उतरलाय म्हणाली, मी सांगितलं, एका माणसाच्या कोपराचं ऑपरेशन झालंय आणि मला त्याचा निर्णय घ्यायचाय. तिने बेसबॉल म्हणजे काय हे विचारलंच नाही. पहिला प्रश्न, "ऑपरेशन कोणी केलं?"

म्हणलं टेक्सासमधे आर्लिंग्टनला कीथ मायस्टर म्हणून डॉक्टर आहेत, त्यांनी.

"हाताला गुण आहे का त्यांच्या?"

म्हणलं आई, अर्ध्या लीगची कोपरं त्यांच्याकडे जातात.

"मग ऑपरेशनचं नाही काही. फिजिओ केली का नीट? खालच्या मजल्यावरच्या काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन एवढं छान झालं, पण व्यायामाचा कंटाळा, आता बसल्यात. आणि हे बघ, परत दुखलं होतं का मधे?"

मी गप्प. जूनमधलं दुखणं तिने बसल्या जागी काढलं होतं. इथे टीव्हीवर टाय लावून बसणारे तज्ज्ञ पाऊण तास ग्राफ दाखवतात आणि याच तीन प्रश्नांशी येऊन थांबतात. फोन ठेवता ठेवता मात्र तिने विचारलं, "पण तू त्याला घेतोयस म्हणजे नक्की काय करतोयस रे?" आणि याचं उत्तर देईपर्यंत नेटवर्क गेलं. मीच घालवलं.

खरी अडचण अशी की असा पिचर घेणं म्हणजे हापूसची पेटी घेण्यासारखं आहे. रंग बघा, वास घ्या, देठाशी दाबून बघा, सगळं उत्तम, आणि आत साका आहे की नाही ते कापल्याशिवाय कळत नाही. बीबर तेव्हा रिहॅबसाठी खालच्या लेव्हलच्या मॅच खेळत होता, अॅक्रनच्या रबरडक्स नावाच्या टीमकडून. आता रबरडक्सकडून खेळून समोरच्या वीस बावीस वर्षांच्या पोरांना आउट केलं याचा आनंद मानायचा की नाही? बॉल किती वेगाने जातोय, स्लायडर वळतोय का, दुसऱ्या दिवशी चेहरा कसा आहे, हे सगळं मी क्लिपा थांबवून थांबवून बघायचो. एका क्लिपमधे तो बॉल टाकल्यावर हात झटकतो. ती मी इतक्यांदा बघितली की चिरंजीव म्हणाले, बाबा, त्याला डास चावला असेल.

आणि मग २८ जुलैला बाल्टिमोरमधे स्प्रिंगरच्या डोक्यालाच बॉल लागला. कन्कशन, म्हणजे मेंदूला हादरा. माझा तो धडधाकट, ठणठणीत माल थेट दुखापतीच्या यादीत. माणसाबद्दल वाईट वाटलं, देवाशप्पथ वाटलं, पण पाचव्या मिनिटाला मिशीवाल्याचा मेसेज आला की आता नुसता स्प्रिंगर नाही चालणार, वर अजून एक दे. म्हणजे स्वतःचा माणूस सव्वा वर्ष अंथरुणाला खिळलेला, आणि हा माझ्या पेशंटवर डिस्काउंट मागतोय.

मी ताणून धरलं. तीन दिवसांनी, ३१ जुलैला, खऱ्या ट्रेडचा शेवटचा दिवस होता आणि दुपारी बातमी आली की बीबरला टोरांटोनेच घेतला. आमच्याच गावात! बदल्यात क्लीव्हलंडला खाल स्टीफन, २०२४ च्या ड्राफ्टमधे (नव्या पोरांची टीमांमधे होणारी वाटणी) दुसऱ्या फेरीत घेतलेला होतकरू पिचर. आता टोरांटोवाल्यांकडे डॉक्टरांची फौज, बीबरचे एमआरआय, कोपराचे कोनाकोनाचे हिशोब, आणि तरीसुद्धा शेवटी कोणीतरी खुर्चीत मागे रेलून "चला, घेऊन टाकू" असंच म्हणालं असणार, याची मला खात्री आहे. माझ्याकडे एमआरआय नव्हता. माझ्याकडे मिशीवाल्याचा शब्द होता, आणि तो मागच्या वर्षी मला "अगदी फिट आहे" म्हणून एक फर्स्ट बेसमन देऊन गेला होता ज्याचं नाव मी घरात काढू देत नाही.

बीबर टोरांटोचा झाल्यावर भाव चढला. ऑफिसात ज्यांना कोपर कुठे असतं माहीत नाही तेही त्याच्यावर बोली लावायला लागले. त्यात तो पुढच्या रिहॅब मॅच बफेलोत खेळणार, म्हणजे माझ्या घरापासून गाडीने दोन तासांच्या आत, एकदा जाऊन डोळ्याने कोपर बघून यावं असं फार वाटलं, पण मधे बॉर्डर आणि माझा पासपोर्ट भारतीय. अमेरिकेच्या व्हिसाची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत बीबर रिटायर झाला असता. आणि फॉर्मवर जाण्याचं कारण काय लिहू?

शेवटी पँट्रीत, मायक्रोवेव्हसमोर, सौदा ठरला. वर काही नाही. एक डोकं द्यायचं, एक कोपर घ्यायचं. मग लीगच्या नियमाप्रमाणे बाकीच्यांना हरकत घ्यायला दोन दिवस. आमच्या मॅनेजरने घेतली. त्याचं म्हणणं, हा ट्रेड नसून हॉस्पिटलमधली बेड बदली आहे. मतदान झालं, थोडक्यात वाचलो.

पुढचं पटकन सांगतो. बीबर २२ ऑगस्टला मायामीत उतरला, सहा इनिंग, एक रन, नऊ स्ट्राइकआउट, आणि मी घरात असा ओरडलो की वरच्या बाईंनी पाय आपटले. सीझन संपला तेव्हा सात मॅच, चार जिंकल्या, दोन हरल्या, ईआरए ३.५७. चांगलं आहे, उगाच नाव ठेवणार नाही. पण स्प्रिंगर ऑगस्टच्या मध्यात परत आला आणि जो सुटला तो सुटलाच, बॅटिंग अॅव्हरेज .३०९ (बेसबॉलमधे हे भारीच), ३२ होमरन. मी रोज मिशीवाल्याकडे बघून मनात म्हणायचो लुटलं याने मला. आणि गंमत म्हणजे बीबरची मॅच असेल त्या दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे तस्संच बघायचा. लीगमधे आम्ही दोघं मधेच कुठेतरी राहिलो, लागून लागून.

ऑक्टोबरात मात्र हिशोबाचे सगळे कागद उडाले. सिअॅटलविरुद्धच्या सेमीफायनल मालिकेत सातव्या मॅचला सुरुवात बीबरने केली आणि सातव्या इनिंगमधे स्प्रिंगरने तीन रनचा होमरन मारून ती जिंकून दिली, १९९३ नंतर पहिल्यांदा टोरांटो वर्ल्ड सिरीजमधे. ते कोपर आणि ते डोकं एकाच मैदानात, आणि मी आणि मिशीवाला एकाच सोफ्यावर, त्याच्या हातात बियर, माझ्या हातात चिवड्याची वाटी, दोघंही गळ्यात गळा. वर्ल्ड सिरीजच्या चौथ्या मॅचमधे बीबरने लॉस एंजेलिसला जाऊन डॉजर्सच्या स्टार ओहतानीसमोर जिंकून दाखवलं. ओहतानीची तर दोन ऑपरेशनं त्याच कोपरावर. आणि मग १ नोव्हेंबरची सातवी मॅच, अकरावी इनिंग, पिचर बीबर, समोर डॉजर्सचा विल स्मिथ, आणि बॉल गेला भिंतीपलीकडे. ५-४. संपलं. त्यावर इथे कोणी अजूनही फारसं बोलत नाही, मीही नाही बोलत.

सोमवारी ऑफिसात सगळे सुतकात. तेवढ्यात फोन वाजला. मिशीवाला. "पुढच्या सीझनसाठी गेरिट कोल देतो. यांकीजचा. मार्चमधे टॉमी जॉन झालंय, बदल्यात फक्त बीबर दे."

मी लिहिलं, आधी एमआरआय पाठव.

दोन मिनिटांत आला. मी चष्मा लावून, मोठा करून, नीट बघितला. गुडघ्याचा होता, आणि वर कोपऱ्यात नाव त्याच्या सासूबाईंचं.