"फुकट मिळते ती कपॅसिटी विकत घ्यायला लावली" या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर, एक स्टार बघून वाईट वाटलं पण रिव्ह्यू दोनदा नीट वाचला. तुमचं म्हणणं असं की लंडनच्या लॉइड्स या विमा बाजारातली कपॅसिटी, म्हणजे तिथल्या सिंडिकेटच्या (विमा देणाऱ्या गटाच्या) धंद्यात ठराविक रकमेपर्यंत हिस्सा घेण्याचा हक्क, मित्राला फुकट मिळाली, तुम्हाला मात्र आम्ही ऑक्शनमध्ये पैसे घालायला लावले, आणि वर्ष उलटून गेलं तरी एक पेनी हातात नाही. तुमचे आकडे इथे चारचौघांत टाकत नाही, बाकीचं बोलतो.

मित्राची बहुतेक लिमिटेड टेनन्सीची असणार, म्हणजे भाड्याची खोली. सिंडिकेट चालवणारा मॅनेजिंग एजंट पुढच्या वर्षी नको म्हणाला की विषय संपला, आणि ती विकताही येत नाही. तुमची मालकीची आहे, दरवर्षी त्या सिंडिकेटमध्ये तेवढ्या हिश्श्याचा हक्क राहतो, नको झाली तर ऑक्शनमध्ये विकायची. भाव पडू शकतो, सिंडिकेट बंद पडलं तर शून्यही, हे पहिल्याच मीटिंगला बोललो होतो आणि तुम्ही हो हो म्हणालात.

आता आमची चूक. समजा 1 लाख पौंडांची कपॅसिटी पौंडामागे 40 पेन्सच्या भावाने घेतली, तर गेलेले 40 हजार पौंड फक्त हक्काचे, ते विकणाऱ्या मेंबरला जातात. क्लेमसाठीचं तारण, ज्याला फंड्स ॲट लॉइड्स म्हणतात, ते वेगळंच ठेवावं लागतं. आमच्या कागदात हे दोन आकडे वेगवेगळ्या पानांवर होते, कुणाचाही गोंधळ होईल, मान्य.

पैसे कधी येणार म्हणाल तर 2024 मध्ये गणपतीनंतरच्या ऑक्शनला घेतलेली कपॅसिटी 2025 च्या वर्षाची, क्लेम उशिरा येतात म्हणून तो हिशेब तीन वर्षं उघडा राहतो, डिसेंबर 2027 ला बंद होतो आणि फायदा झालाच तर 2028 मध्ये मिळतो. उलट झालं तर मधेच कॅश कॉल (आणखी पैसे भरा अशी मागणी) येऊ शकतो. यंदा विकलीत तरी आधी सुरू झालेली वर्षं तुमचीच, आणि ती बंद होईपर्यंत तारण अडकलेलं.

"घर जाईल" असं लिहिलंय ते मात्र पटलं नाही. ते 1990 च्या आसपासचे किस्से, तेव्हा नेम्सची, म्हणजे लॉइड्समध्ये स्वतःच्या नावाने पैसे लावणाऱ्यांची, जबाबदारी अमर्याद होती, शर्टाच्या कफलिंकपर्यंत सगळं जाईल म्हणायचे. तुम्ही लिमिटेड कंपनीतून आहात, जाईल ते त्यात टाकलेलं आणि ठेवलेलं तारण. हां, घर गहाण टाकून बँक गॅरंटी काढली असती तर गोष्ट वेगळी, पण त्याला तर आम्हीच नको म्हणालो होतो ना.

ईमेलला नऊ दिवस उत्तर दिलं नाही याला काहीच सबब नाही, सॉरी. दोन्ही आकडे आणि तारखा एकाच पानावर, मराठीत, काल पाठवलंय. विकायची असेल तर ऑक्शनच्या आधी मेंबर्स एजंटला (मेंबरच्या वतीने व्यवहार बघणाऱ्याला) सांगावं लागतं, तेवढं लवकर कळवा.